गच्चीवर मी, सॉकेटपाशी ते

आमच्या धंद्यात चित्र येतंय की नाही ही काळजी गिऱ्हाइकाची. माझी काळजी वेगळी. आवाज येतोय की नाही. टीव्हीचा नव्हे, माणसाचा.

मी गच्चीवर ॲंटेनाचा खांब धरून उभी. माझे यजमान खाली खोलीत टीव्हीसमोर. मधे दोन-तीन मजले, नारळाची झाडं, रस्त्यावरच्या रिक्षा आणि बंगळूरचा वारा.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"आलं, आलं. गेलं."

"आता?"

"आलं. तिथंच ठेव. हात लावू नको."

एवढ्या बोलण्यावर आमचं दुकान आयुष्यभर चाललं. आमचं बोलणंही बहुतेक एवढंच झालं. घरी दोघं दमलेले असायचो.

इथल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी लिहा असं मला अनघाने सांगितलं. ही मंडळातली मुलगी. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं आजोबांनी घरी ओसरीवर बसवून शिकवली, तेवढीच. ती म्हणाली, "आजी, बोलता तसं लिहा. पण खरं लिहा हं, रिअल हवंय." खरं लिहायचं तर त्यात तूही येशील, असं मी तिला सांगितलं.  मग म्हणाली, "चालेल."

तर आधी धंदा काय होता ते सांगते, कारण आताच्या पोरांना गच्चीवरचा ॲंटेना म्हणजे कावळे बसायची काठी वाटते.

यजमान टीव्ही मेकॅनिक. हात चांगला. पण त्यांना उंचीची भीती. शिडीला हात लावला की घाम. स्टुलावर चढले तरी एक हात भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला हवा. आता ॲंटेना काही जमिनीवर लावत नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला हे कळलं. दुकानात ॲंटेना जोडायची कामं नाकारून नाकारून हे बसले होते. मी म्हटलं, मी चढते. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, टीव्ही दिसला तर काही म्हणणार नाहीत. पदर खोचला, कासोटा घातला आणि चढले. लोकांनी थोडे दिवस बघितलं, मग ॲंटेना अक्का असं नाव ठेवलं आणि गप्प झाले. काही घरांत तर बरंच झालं. गच्चीवर सांडगे वाळत घातलेले असायचे, तिथे परक्या पुरुषाला सोडायचं बायकांना नको वाटे. मला सोडत. वर, येताना सांडगे उलटून ये, असंही सांगत.

गच्चीवरून उतरलेली केबल भिंतीतल्या सॉकेटला जोडायची, हे काम बघायला सोपं. केबलच्या मधोमध तांब्याची एक तार. तिच्यावर पांढरं प्लास्टिक. त्यावर बारीक तारांची जाळी. सगळ्यावर काळी साल. साल सोलायची, जाळी मागे दुमडायची, नखाएवढं पांढरं प्लास्टिक काढायचं. मधली तार सॉकेटच्या स्क्रूखाली दाबायची, जाळी पट्टीखाली. जाळीतला केसाएवढा एक धागा मधल्या तारेला शिवला तरी चित्र मेलं. लोक वर ॲंटेनाकडे बघून हळहळत बसतात आणि दोष असतो गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीत.

यजमान तो दोष कानाने धरायचे. सॉकेटचा स्क्रू ढिला असला की टीव्हीतून बारीक तडतड येते, दूरच्या घरात मोहरी टाकल्यासारखी. मला कधी ऐकू आली नाही. यांना दारातून यायची. एका घरी रोज संध्याकाळी चित्रात मुंग्या भरायच्या. मालकीण म्हणायची, शेजारीण माझ्यावर करणी करते. हे टीव्हीसमोर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मागच्या गल्लीत ग्राइंडर चालू आहे. त्याच्या मोटरचा ब्रश झिजलाय." जाऊन बघितलं तर खरंच, एक बाई इडलीचं पीठ वाटत होती. ती तीच शेजारीण. ब्रश बदलला, मुंग्या गेल्या. त्या दोघी मात्र पुढेही बोलल्या नाहीत. भांडायला कारण उरलं नाही याचाच राग असावा.

आता त्या शब्दाचं सांगते.

आमची घरं इथे कैक पिढ्यांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. दोन्ही जिभेवर असल्यामुळे एरवी अडत नाही. पण घाई झाली की तोंडातून घरची भाषा येते. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका घरी मेन स्विच बंद करून काम चाललं होतं. घरची बाई स्विचपाशी उभी. मी गच्चीवरून यजमानांना ओरडले, "झालं की हाक द्या, हाक!" कन्नडमध्ये हाकु म्हणजे घाल, टाक, लाव. दोसा हाकु, कुलूप हाकु, लाइट हाकु. बोलताना शेवटचा उकार गळतो आणि उरतो नुसता हाक्. त्या बाईने ऐकलं, हाक्. तिने मेन लावला. तिचा मिक्सर चालूच राहिला होता आणि झाकण उघडं. नारळाची चटणी छताला लागली.

बाई हसली. मीही हसले. यजमान हसले नाहीत. दुकानात परत आल्यावर म्हणाले, "आजपासून हा शब्द बंद. चटणी होती म्हणून बरं. माझा हात असता तर?"

तेव्हापासून आमच्याकडे हाक नाही. 'ओ द्या' म्हणायचं. दुकानात बंद म्हणून घरातही बंद झाला, कारण जीभ एकच. आमची मुलगी बेळगावला दिली. तिथे सासूने सांगितलं, भाऊजींना हाक मार. ही आपली उभी. सासूला वाटलं सून मंद आहे.

इतकं सांभाळलेला शब्द. तो आमच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही. निघाला तो दुसऱ्याच्या तोंडून, आणि तोवर सांभाळायच्या गोष्टी वाढल्या होत्या.

ॲंटेना गेले, केबलवाले आले, मग डिश आली. आम्ही दोघं म्हातारे झालो तरी जुनी गिऱ्हाइकं बोलवत. डिशही गच्चीवरच बसते आणि केबल तीच, सॉकेट तेच. मी अजून चढत होते. गुडघे कुरकुरत, पण ते पायऱ्यांवर. गच्चीवर गेलं की बरं वाटे.

फक्त खालून उत्तर उशिरा यायला लागलं.

"आलं?"

काही नाही.

"अहो, आलं?"

"आलं."

पहिल्यांदा मला वाटलं, वारा असेल. मग वाटलं, टीव्ही बघत बसले असतील. मग लक्षात आलं की हे मी विचारायच्या आधीच "आलं" म्हणायला लागलेत. चित्र आलं की आपण होऊन ओरडायचं, म्हणजे प्रश्न ऐकू आला की नाही हे कळायला नको. फोन का वापरत नाही म्हणाल, तर मी म्हटलं होतं. कानाला फोन लावून काम करू, सगळी पोरं तसंच करतात. हे म्हणाले, "एक हात फोनमध्ये अडकतो. धोक्याचं आहे." धोका हातात नव्हता.

एकदा मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. गच्चीवरून ओरडले, "अहो, तुमची आई वर आली आहे, सांडगे मागते!"

सासूबाई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

खालून उत्तर आलं, "हो, आता एकदम क्लिअर आहे."

खाली उतरून मी तोंडावर विचारलं, "कान गेले का तुमचे?"

"तुझा आवाज बसलाय. वय झालं तुझं."

"डॉक्टरला दाखवा."

"घसा तुझा, डॉक्टर माझा का?"

असा माणूस. मग मी दुसरी तोड काढली. म्हटलं, बोलायचंच नको. केबल दोघांच्या हातात असतेच. एक हिसका म्हणजे थांब, दोन हिसके म्हणजे ओढ. यांचा चेहरा पडला. "मी काय बैल आहे, दोरीने हाकायला?" म्हणाले, आणि बोलता बोलता आपण कोणता शब्द वापरला हे कळून आणखी चिडले. तो विषय तिथेच मिटला. पण माझ्या पोटातली भीती मिटली नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाला मी गच्चीवर उभी असायची ती कान खाली लावून. डिश कुठे वळते याच्याकडे माझं अर्धं लक्ष. माझ्या त्या कामात कधी नव्हत्या त्या चुका व्हायला लागल्या. काम सोडू या म्हटलं तर हे म्हणत, "मग घरात बसून काय करू? तुझं ऐकू?"

अनघाचं घर मल्लेश्वरमला, दुसऱ्या मजल्यावर. ती आणि तिचा नवरा नवीनच राहायला आले होते. घरमालक नंजुंडप्पा तळमजल्यावर. निवृत्त माणूस, घराच्या प्रत्येक खिळ्यावर जीव. डिशवाल्यांची पोरं येऊन भिंतीला भोक पाडून केबल आत घेऊ म्हणाली. नंजुंडप्पा म्हणाले, "बेडा." बेडा म्हणजे नको, आणि त्यांचं बेडा म्हणजे शेवटचं. घर बांधताना त्यांनी ॲंटेनाच्या केबलसाठी भिंतीतून पाइप घातला होता, गच्चीपासून खोलीतल्या सॉकेटपर्यंत. त्यातून घ्या, नाहीतर टीव्ही बघू नका. पोरं निघून गेली. मग नंजुंडप्पांनीच आम्हाला बोलावलं.

गच्चीवर जुना ॲंटेना गंजून वाकला होता. त्याची केबल पाइपात शिरत होती. मी ती कापायला घेतली, जाळीला बोट लागलं आणि केबल चावली. चावली म्हणजे करंट. टीव्हीच्या केबलला एवढा करंट असायचं कारण नाही. मी खाली आले आणि नंजुंडप्पांना विचारलं, "अण्णा, या पाइपात आणखी काय आहे?"

"विजेची वायर आहे," ते म्हणाले. "दोन पाइप कशाला? जागा वाचली."

जागा वाचली होती. पण इतक्या वर्षांत दोन्ही तारा एकमेकींना घासून विजेच्या वायरची साल कुठेतरी निघाली होती आणि केबलची जाळी तिला चिकटली होती. मी म्हटलं, काम होईपर्यंत मेन बंद पाहिजे. पूर्ण.

"पूर्ण? फ्रिज आहे. टाकी भरायची आहे. मोटर लावून ठेवलीय मी."

"मोटर थांबेल. माणूस थांबला तर परत चालू होत नाही."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणाले, आणि जिन्याखालच्या लाकडी पेटीतला मेन त्यांनी स्वतः खाली केला. "मी इथेच उभा राहतो. माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही." माणूस चांगला. तिथे खुर्ची टाकून बसले. आजकाल करंट लागला की आपोआप पडणारे स्विच असतात, तसा तिथे नव्हता.

यजमानांनी टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लागला नाही. मग ठरलं असं. मी गच्चीवर जुन्या केबलच्या टोकाला नवी केबल बांधायची. यांनी खोलीत छताजवळ पाइप जिथे उघडतो त्या पेटीतून जुनी ओढायची, म्हणजे तिच्यामागे नवी येईल. यासाठी हे स्टुलावर. एका हातात केबलचं सोललेलं टोक, दुसरा हात खिडकीच्या गजावर, नेहमीसारखा. तो गज मी बघितला. काही म्हणाले नाही, कारण करंट बंद होता आणि गज सोडा म्हटलं असतं तर ते स्टुलावर उभेच राहिले नसते.

वर गेले. बांधलं. ओरडले, "ओढा!"

थोडं थांबून केबल सरकायला लागली. मग कुठेतरी वळणावर अडकली.

"थांबा!"

केबल ताणतच गेली.

"अहो, थांबा! तुटेल!"

आणखी ताणली. मी कठड्यापाशी गेले, वाकून ओरडले, "अडकलीय, स्वल्प सैल सोडा!"

"हो, इथंच आहे मी!" खालून उत्तर.

मी कपाळाला हात लावला. आता उतरून सांगून परत चढायचं. गुडघ्यांना विचारत होते तेवढ्यात अनघा जिन्यात आली. ती घरूनच काम करत होती, कानात फोनचं ते यंत्र. आमचं ओरडणं तिच्या मीटिंगमध्ये जात होतं बहुतेक. चांगल्या मनाने वर बघून म्हणाली, "आजी, तुम्ही नका ना त्रास घेऊ. मी मधे थांबते, मी रिले करते. आजोबांना काय सांगू?"

"सैल सोडा म्हणावं. आणि मी सांगेन तेव्हाच ओढा."

तिने दारातून आत सांगितलं. अगदी जवळून सांगितलं असणार, कारण केबल सैल झाली. मी वळणाशी थोडी हलवली, थोडी ढकलली. सुटली. मी म्हटलं, "आता ओढा म्हणावं."

केबल चालायला लागली. बरं वाटलं मला. खूप दिवसांनी वाटलं, आज माझं बोलणं खाली पोचतंय.

मग तिचा फोन आला असावा. तिला आत जायचं होतं. जाता जाता ती जिन्यातून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, मी कॉलवर जातेय! टोक आलं की मला हाक द्या! हाक!"

मी तो शब्द ऐकला. ऐकला आणि समजला नाही. इतक्या वर्षांत तो कोणी आमच्या कामात उच्चारलाच नव्हता. मी नुसती उभी राहिले, ओळखीचं माणूस परक्या गावात दिसावं तशी.

माझ्या हातातल्या केबलला एक हिसका बसला.

एकच. जोराचा.

आणि मला काय वाटावं? मला आनंद झाला. वाटलं, यांनी शेवटी माझं ऐकलं. एक हिसका म्हणजे थांब. मी थांबलेही. केबल हातात सैल पडली होती आणि मी वाट बघत होते, आता दोन हिसके येतील.

माझ्या मागे टाकीत पाणी पडायला लागलं.

पाणी म्हणजे मोटर. मोटर म्हणजे मेन. तेव्हा तो शब्द माझ्या डोक्यात शिरला.

मी कठड्यावरून खाली ओरडले, "अण्णा, आफ माडी! आफ माडी!" बंद करा, हे कन्नडमध्ये ओरडायचं भान राहिलं, एवढं बरं झालं. मग यजमानांना ओरडले, "हात सोडा! अहो, हात सोडा!" उत्तर नाही. पण उत्तर तर एरवीही येत नव्हतं. गप्प माणूस बहिरा आहे की मेला आहे, हे गच्चीवरून कळत नाही. पाणी पडायचं थांबलं. मी जिना उतरले. कशी उतरले ते सांगता येणार नाही. पायऱ्या संपत नव्हत्या एवढंच आठवतं, आणि उतरताना मी ओरडतच होते, "ओ द्या! ओ द्या!"

अनघा दारात उभी, तोंडावर हात. यजमान भिंत आणि सोफ्याच्या मधे पडलेले. स्टूल आडवं. डावा पंजा मनगटापासून भलतीकडे वळलेला. उजव्या तळव्यावर काळा पट्टा. डोळे उघडे. छाती हलत होती.

मी खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चिडून म्हणाले, "तू आवाज का नाही दिलास?"

"दिला," मी म्हटलं.

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते.

"दिला होता," मी पुन्हा म्हटलं, सावकाश.

मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांचं काय झालं होतं ते आता दोघांनाही माहीत होतं.

नंजुंडप्पा जिना चढून आले.  अनघाला म्हणाले, "तुम्हीच तर म्हणालात, हाकु, हाकु." ते कन्नडमध्ये बोलले. तिला कळलं नाही. ती मराठीत म्हणाली, "मी तर फक्त हाक म्हटलं!" तेही त्यांना कळलं नाही. नवरा जमिनीवर पडलेला आणि मी मधे बसून दोघांना समजावतेय, हिची हाक वेगळी, अण्णांचा हाकु वेगळा, दोघांपैकी कोणाचीच चूक नाही. यजमान पडल्या पडल्या म्हणाले, "चटणी झाली का माझी?" त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण दोन चेहऱ्यांवरून त्यांनी बरोबर ओळखलं.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. स्टूल घसरलं आणि पडताना केबल हातातून निसटली म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्या पडण्याला हे आयुष्यभर भ्यायले त्यानेच जीव वाचवला. मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आता शिडीवर चढायचा हट्ट धरला असता.

त्याच दवाखान्यात मी त्यांचे कानही तपासून घेतले. हात गळ्यात, पळून कुठे जाणार?

अनघाचं काम अर्धं राहिलं होतं. अर्धं काम सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. थोड्या दिवसांनी मी एकटी गेले. नंजुंडप्पांनी न विचारताच मेन खाली केला आणि फ्यूज काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातला. मी जुनी केबल पाइपातून ओढून काढली. ती घासलेली वायर विजेच्या माणसाकडून बदलून घेतली. नवी केबल पाइपात घालायला मी तयार नव्हते. खिडकीच्या कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीत घेतली. नंजुंडप्पांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी बेडा म्हटलं नाही. साल सोलली, जाळी दुमडली, तार स्क्रूखाली दाबली. मग फ्यूज बसवायला सांगितला.

मग डिश वळवायला गच्चीवर गेले. वळवली, आणि तोंड उघडलं. "आलं?" म्हणायला.

खाली विचारायला कोणी नव्हतं. अनघा म्हणाली होती, मी सांगते. मी नको म्हटलं होतं. तिचा राग नव्हता. पण उत्तर आलं तरी मला त्या उत्तराचा भरवसा वाटला नसता. मी डिश थोडी वळवायची, खाली येऊन टीव्ही बघायचा, परत वर जायचं. संध्याकाळ झाली. चित्र आलं तेव्हा मी एकटीच टीव्हीसमोर उभी होते. आलं, असं मीच म्हटलं. बरोबर वाटलं नाही.

दुकान त्यानंतर बंद केलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मला वाईट वाटतं का असं अनघाने विचारलं. वाटतं, पण ते गच्चीचं. भीतीचं अजिबात नाही. मी आता रात्री झोपते.

यजमानांना कानाचं यंत्र आणून दिलं आहे. ते कपाटात असतं. लावलं की रिक्षा ऐकू येतात, कुत्री ऐकू येतात, मी ऐकू येते. त्यापेक्षा नको म्हणतात. दिवसभर पुढच्या खोलीत बसून जुने टीव्ही उघडतात. दुरुस्त झाले तरी बघणार कोण? पण उघडतात.

जेवायला बोलवायचं म्हणजे पंचाईत. मी ओरडून ओरडून थकले. शेवटी त्या खोलीच्या दिव्याचं बटण मी बाहेरच्या भिंतीवर आणून बसवलं. वायर मीच ओढली, तिच्या स्वतःच्या पाइपातून. ताट वाढलं की बटण दाबते. आतला दिवा लागतो. ते स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतात, दाराकडे बघतात आणि म्हणतात, "आलो."

पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी मला नंजुंडप्पा आठवले. त्यांनी हाक ऐकली आणि मेनचं बटण लावलं; आता माझी हाक म्हणजे बटणच. चुकीचं काही ऐकलं नव्हतं त्यांनी. जरा लवकर ऐकलं, एवढंच.